किनाऱ्याच्या शिक्षणाला पैसा कोण देतं, आणि तो मागायचा कशासाठी?

बाई, तुमचा प्रश्न इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या काठच्या गावात माध्यमिक शाळेत शिकवता. गेली दोन वर्षं शनिवारी दुपारी मुलांना आणि जमेल तेव्हा त्यांच्या आईवडिलांना घेऊन कासवं, कांदळवन, विजयदुर्ग आणि गिर्येची मराठा आरमाराची गोदी यांवर काम करता. खर्च सगळा तुमच्या खिशातून. तीन ठिकाणी अर्ज केलेत. एकाचं उत्तर आलं नाही आणि दोघांनी कळवलं की निधी फक्त साहित्यासाठी देता येतो. आता तुम्ही विचारता की या कामाला पैसा देतं तरी कोण, आणि अर्जात चुकतंय काय?

बावीस वर्षं मी रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर हेच काम करतोय, त्यामुळे मनापासून आणि जरा लांबण लावून लिहितो.

चुकतंय काय, ते आधी. तुम्ही पाठवलेल्या अंदाजपत्रकात फलक, पुस्तिका, टी-शर्ट आणि उद्घाटनाचा कार्यक्रम यांना मिळून 1 लाख 40 हजार रुपये आहेत. शिकवणाऱ्या माणसासाठी एक रुपयाही नाही. मीही पहिली सात-आठ वर्षं असेच अर्ज लिहिले. माणसाचं मानधन मागायची लाज वाटायची. आपण सेवाभावानं करतो, मग पैसे कसे मागायचे, असं वाटायचं. पण किनाऱ्यावर बंद पडलेले असे डझनभर उपक्रम मी जवळून पाहिलेत. ते करणाऱ्या बाईची बदली झाली, मुलाला मुंबईत नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं, आणि काम तिथंच थांबलं. फलक मात्र अजून उभे आहेत.

म्हणून पहिली ओळ मानधनाची लिहा. गावातलीच एक शिकलेली मुलगी किंवा मुलगा, अर्धवेळ, वर्षभर. दुसरी ओळ लिहा शिकवायला येणाऱ्या मच्छीमारांच्या मोबदल्याची. हा माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना जो दोराला हात लावतो त्याला वाटा मिळतो, हा आपल्याकडचा जुना रिवाज. मग सकाळची वेळ मोडून मुलांना जाळ्याचा आस, म्हणजे भोकाचा आकार, कसा मोजायचा, वारा कसा ओळखायचा, कुठल्या महिन्यात कुठली मासळी पोटाशी असते हे सांगणाऱ्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, आपण नारळ आणि शाल देऊन का पाठवतो? शहरातून आलेल्या व्याख्यात्याला गाडीभाडं आणि मानधनाचं पाकीट मिळतं, ते तो बघत असतो. दोघांना सारखंच द्या. आमच्याकडे हा नियम केल्यापासून रापणकर स्वतःहून विचारायला लागले की पुढचा वर्ग कधी आहे.

एका गावाचं एका वर्षाचं अंदाजपत्रक मी साधारण असं मांडतो. मानधन महिना 8,000 प्रमाणे 96,000. वर्षाला वीस वर्ग, प्रत्येक वर्गाला दोन स्थानिक जाणकार, प्रत्येकी 500, म्हणजे 20,000. सहा वेळा होडी आणि डिझेल 15,000. लाइफ जॅकेट आणि मुलांचा विमा 20,000. भिंगं, मोजपट्ट्या, वह्या 14,000. प्रवास 10,000. हिशेब आणि ऑडिट 15,000. एकूण 1 लाख 90 हजार. ऑडिटचा आकडा पाहून लोक थबकतात. पण ज्या कामाचा हिशेब चोख नाही त्याला दुसऱ्या वर्षी कुणी पैसे देत नाही, आणि चोख हिशेब फुकट होत नाही.

आता 'निधी फक्त साहित्यासाठी' या उत्तराबद्दल. तुमचे दोन अर्ज कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, विभागाकडे गेले होते. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता किमान 500 कोटी, उलाढाल 1,000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांपैकी काहीही एक असेल तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कुठल्या कामावर, ते अनुसूची 7 मध्ये आहे. शिक्षण आहे, पर्यावरण आहे, वारसा आणि संस्कृतीही आहे. तुमचं काम या तिन्हींत बसतं आणि अर्जात ते तसं स्पष्ट लिहायला हवं. प्रशासकीय खर्चावर 5 टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर आहे. प्रत्यक्ष प्रकल्प राबवणाऱ्या माणसाचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च धरला जातो. खुद्द सीएसआर अधिकाऱ्यांचाही इथं गैरसमज असतो. केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयानं ऑगस्ट 2021 मध्ये प्रश्नोत्तरांच्या परिपत्रकात हा फरक स्पष्ट केलेला आहे. त्याची छापील प्रत अर्जाला जोडा. मी जोडतो, आणि बहुतेक वेळा मानधनाची ओळ टिकते.

सीएसआरचा दुसरा घोळ तारखांचा असतो. काही वर्षांपूर्वी एका कंपनीकडून आम्हाला फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात रक्कम मिळाली आणि ती 31 मार्चच्या आत संपवायला सांगण्यात आली. फेब्रुवारी-मार्चात मच्छीमार समुद्रावर, मुलं परीक्षेत, आणि ज्यांना कासवांचं काम येतं ते रात्रभर किनाऱ्यावर. आम्ही घाईघाईनं पुस्तिका छापल्या. सुंदर होत्या, आर्ट पेपरवर. त्यातले अर्धे गठ्ठे दोन पावसाळ्यांनंतर एका शाळेच्या कपाटात कसर लागलेल्या अवस्थेत सापडले. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. तेवढ्या रकमेत एका मुलीचं दीड वर्षाचं मानधन झालं असतं.

यावर उपाय आहे. कंपनीला विनंती करायची की तुमचं काम 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर करा. मग न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. आणि अर्ज जानेवारीत द्यायचा, पुढच्या वर्षाचा आराखडा संचालक मंडळापुढे जाण्याआधी. समुद्राचं वर्ष आणि सरकारचं वर्ष जुळत नाही हे अर्जात सरळ लिहा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, माणसं घरी जाळी विणत बसलेली. मोठ्यांच्या शिक्षणाचा खरा हंगाम हाच. नोव्हेंबर-डिसेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि उन्हाळ्यापर्यंत पिल्लं निघत राहतात. तो मुलांचा हंगाम. पैशाचे हप्ते या दोन हंगामांआधी मागा.

सीएसआरचा निधी घेणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणी, आयकर खात्याकडच्या 12ए आणि 80जी या नोंदण्या लागतात, आणि साधारण तीन वर्षांच्या कामाची नोंद. तुमच्याकडे संस्थाच नाही. नवी काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली तुमची शाळा चालवणारी संस्था आहे, शेजारच्या गावात वाचनालय आहे. त्यांच्यापैकी ज्यांचे ऑडिट अहवाल आणि बदल अर्ज (विश्वस्त बदलल्याची कळवणी) वेळच्या वेळी गेलेले आहेत त्यांच्यासोबत लेखी करार करा. करारात तुमच्या उपक्रमासाठी स्वतंत्र खातेवही आणि दोघांच्या सह्यांची अट घाला. परदेशी पैशाच्या मागे तर सध्या अजिबात लागू नका. परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, त्यामुळे मोठ्या संस्थेमार्फत लहान गावाला पैसे मिळण्याचा जुना रस्ता बंद झाला आहे.

आता गावातला पैसा. मी मुद्दाम इथं रेंगाळणार आहे, कारण लोक या पायरीवरून उडी मारून थेट मुंबईला अर्ज करतात.

तुमच्या ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे. जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 41 नं ती असायलाच हवी. बहुतेक गावांत ती कागदावर आहे आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीची वही, कुणीतरी बाहेरून येऊन भरून दिलेली आहे. ती नोंदवही मागून घ्या आणि मुलांबरोबर पुन्हा भरा. खाडीत कालवं कुठं मिळतात, खेकडे कुठल्या भरतीला, तिवरांच्या, म्हणजे कांदळवनातल्या झाडांच्या, कुठल्या जाती कुठं आहेत, पूर्वी कुठला मासा यायचा आणि आता येत नाही. हे सगळं घरातल्या आजीला माहीत असतं. असा वर्ग चालवला तर तो कायद्यानं पंचायतीचं काम ठरतो, आणि पंचायतीला त्यावर खर्च करायला आधार मिळतो.

ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी दरवर्षी 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्या ग्रामसभेला जा. एकट्या जाऊ नका, दहा आयांना घेऊन जा. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी असतात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, आधी बसून बोला की त्यातलं काय या कामात बसतं. किनाऱ्यावरचा कचरा आणि फाटकी जाळी गोळा करण्याचा भाग स्वच्छतेच्या निधीत बसू शकतो. राज्य सरकारच्या माझी वसुंधरा या पर्यावरण अभियानात पंचायत भाग घेत असेल तर तुमच्या शाळेच्या नोंदी त्यांना गुणांसाठी उपयोगी पडतात, आणि मग तेच तुम्हाला शोधत येतात. रक्कम थोडी मिळेल. पण पंचायतीच्या ठरावावर 15 हजार रुपये मिळालेले दिसले की बाहेरचा देणारा दीड लाख द्यायला कचरत नाही. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पंचायतीचा ठराव नसेल तर मी कुणाचा अर्ज तपासूनही देत नाही.

सरकारी यंत्रणेत तुमच्यासाठी महत्त्वाचं दार राज्याच्या कांदळवन कक्षाचं आणि त्याला जोडलेल्या मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनचं. कक्ष 2012 चा, फाउंडेशन 2015 चं. उपजीविका, संशोधन आणि जनशिक्षण ही तिन्ही कामं ते करतात. त्यांच्याकडून रोख मदतीपेक्षा माणसं, प्रशिक्षण आणि परवानगी मागा. कासव वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, त्यामुळे अंडी हलवणं किंवा पिल्लं मुलांच्या हातात देणं वन विभागाशिवाय करायचंच नाही, हेतू कितीही चांगला असला तरी. तसंच विजयदुर्ग केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणात आहे. तिथं माहितीफलक लावायचा तर त्यांची परवानगी आधी.

मच्छीमारांना या शिक्षणात ओढायचं तर त्यांच्या खिशाशी जोडलेला धडा आधी घ्या. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमुशीसारखा (व्हेल शार्क) संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून त्याला सोडलं, तर राज्य सरकार 25 हजार रुपयांपर्यंत नुकसानभरपाई देतं. योजना डिसेंबर 2018 पासून आहे. पण दाव्याला सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात, होडीची कागदपत्रं लागतात. खलाशाच्या मोबाईलवर, ओल्या हातानं, रात्री दोन वाजता हे कसं टिपायचं, याचा एक तासाचा वर्ग आम्ही जाळी विणायच्या शेडमध्ये घेतो. पोरं व्हिडिओ काढायला शिकवतात, बाप शिकतात. त्या तासानंतर कासव का वाचवायचं यावर वेगळं व्याख्यान द्यावं लागत नाही, कारण प्रश्न तेच विचारायला लागतात.

असाच दुसरा धडा मोजपट्टीचा. सप्टेंबर 2023 मध्ये रुपेरी पापलेट, म्हणजे आपला सरंगा, राज्यमासा जाहीर झाला. त्याच वर्षी राज्यानं 54 जातींच्या माशांसाठी पकडण्यायोग्य किमान लांबी ठरवून दिली. सरंग्याची 135 मिलिमीटर. आम्ही साध्या लाकडी फूटपट्टीवर साडेतेरा सेंटिमीटरला लाल रेघ मारून मुलांना दिली आणि गेल्या ऑक्टोबरात सकाळच्या लिलावाला नेलं. सातवीतली एक मुलगी टोपलीपाशी उकिडवी बसून एकेक मासा पट्टीवर ठेवत होती आणि वहीत रेघेच्या आतले किती, बाहेरचे किती, याच्या उभ्या काड्या मारत होती. पहिल्यांदा बायका वैतागल्या. मग आतल्या काड्या बाहेरच्यांपेक्षा जास्त झाल्या तसं आजूबाजूचं बोलणं कमी झालं. शेवटी टोपलीचा मालक वाकून म्हणाला, "ही पट्टी माका दी, होडयेर ठेवतंय." पट्टीची किंमत बारा रुपये. त्या मुलीच्या वहीचं ते पान मी दर अर्जाला जोडतो. देणाऱ्याला 'जागरूकता वाढली' या वाक्यातून काही कळत नाही, पण काड्यांचं पान तो उलटून पुन्हा बघतो.

पर्यटनातून पैसा हा रस्ताही आहे, पण तो उशिरा सुरू होतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं 2002 मध्ये कासवांचं काम सुरू केलं. पुढे कासव महोत्सव झाला, लोक गावकऱ्यांच्या घरी राहायला, जेवायला लागले. पैसा थेट घरात गेला, म्हणून अंड्यांवर घरचेच पहारा देऊ लागले. आलेला माणूस पहाटे पिल्लं बघतो आणि दुपारी नाना फडणवीसांचं गाव आणि बाणकोटचा किल्लाही बघून जातो, म्हणजे निसर्ग आणि वारसा वेगळे काढावे लागत नाहीत. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका 2017 पासून स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. तिकिटातून त्यांची रोजी निघते. दोन्ही ठिकाणी सुरुवातीला बाहेरचा आधार होता आणि अनेक वर्षं कुणीतरी चिकाटीनं शिकवत होतं, हे लक्षात ठेवा. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या 12 किल्ल्यांपैकी एक म्हणून विजयदुर्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यामुळे तुमच्याकडे गर्दी वाढणार. तुमच्या नववी-दहावीच्या मुलांना आत्ताच तयार करा. 1756 साली तुळाजी आंग्र्यांचं आरमार याच बंदरात जळालं, ही गोष्ट गोदीच्या काठावर उभं राहून सांगणारी सोळा वर्षांची मुलगी पाहुण्यांना हवी असते. प्रत्येक फेरीतला ठरावीक हिस्सा वर्गाच्या खात्यात जावा, हे पहिल्या फेरीआधी ठरवून लिहून ठेवा. नंतर ठरवायला गेलात तर भांडणं होतात.

आता एक नाजूक गोष्ट. पैसा कुणाचा घ्यायचा? 1987 मध्ये मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं, आणि मच्छीमारांचा त्याला तेव्हापासून विरोध राहिला. 'संवर्धन' हा शब्द ऐकला की आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला आधी बंदी आठवते. त्यात ज्या कंपनीचं सांडपाणी खाडीत येतं किंवा जिचा प्रकल्प किनाऱ्यावर होऊ घातलाय, तिच्याच पैशातून तुम्ही मुलांना खाडी वाचवायला शिकवलंत, तर त्या दिवसापासून तुमचं ऐकणारं कुणी उरणार नाही. मी दोनदा अशी रक्कम नाकारली. एकदा घेतली, कारण आम्ही फार अडचणीत होतो, आणि ज्या वाडीत दहा वर्षं माझ्यासाठी चहा ठेवला जायचा तिथं त्या वर्षी कुणी दार उघडलं नाही. म्हणून कुठलाही मोठा देणगीदार आला की नाव आधी ग्रामसभेपुढे आणि मच्छीमार सोसायटीपुढे ठेवा. त्यांनी नको म्हटलं तर नको.

राहिला तुमचा सगळ्यात भरवशाचा देणारा, जो अर्जांच्या यादीत कधीच नसतो. मुंबईकर. गावाचं ग्रामविकास मंडळ परळला, डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला असतं. देवळाच्या जीर्णोद्धाराला ते लाखो रुपये उभे करतात, कारण देवळात त्यांचं नाव आणि त्यांची आठवण आहे. खाडीतही त्यांची आठवण आहे. कालवं काढताना पाय कापलेले आहेत, आजोबांचा मचवा आहे. मुलांनी वाडीतल्या जुन्या होड्यांची, त्या बांधणाऱ्या सुतारांची नावं लिहून काढली असतील तर ती वही मंडळाला दाखवा. एका घरानं महिन्याला 100 रुपये आणि अशी ऐंशी घरं, की झालं तुमच्या शिकवणाऱ्या मुलीचं मानधन.

गणपतीत मंडळाची सभा असते, बहुतेक गौरीविसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी देवळात. अध्यक्षांना आत्ताच फोन करून विषयपत्रिकेवर दहा मिनिटं मागून घ्या. तुम्ही बोलू नका, दोन मुलांना बोलू द्या. संस्थेचं पावतीपुस्तक आधी छापून घ्या, त्यावर 80जीचा क्रमांक असू द्या, आणि 2,000 रुपयांवरची रक्कम कुणी रोख देऊ लागला तर त्याला चेक किंवा यूपीआयनं द्यायला सांगा, नाहीतर त्याला करसवलत मिळत नाही. अंदाजपत्रक वर लिहिलंय तसं नव्यानं करून मला पाठवा. सभेआधी एकदा बघून देतो.